वजनकाट्याचा उपास

"बूट काढू का?"

"काढा की."

आत्याने बूट काढले. हेल्मेट टेबलावर ठेवलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या, पँटच्या खिशात कायम असणारा छोटा पानासुद्धा काढला आणि ती पुन्हा काट्यावर उभी राहिली. काटा किंचित मागे सरकला आणि तिथेच थांबला. सेफ्टीसाहेबाने वाकून आकडा पाहिला.

"पाच किलो जास्तच आहे, आत्या."

"काटा बरोबर आहे ना तुमचा?"

"मघाशी सिमेंटची गोणी ठेवून पाहिली. बरोबर आहे."

"म्हणजे गोणीनंतर माझा नंबर."

सेफ्टीसाहेब हसला नाही. हसण्यासारखं काही नाही हे त्यालाही माहीत होतं. त्याने तिला पुन्हा समजावून सांगितलं. महिनाअखेरीला साईटवर सुटकेचा नवा पट्टा येणार होता. क्रेनच्या केबिनमध्ये कुणाला चक्कर आली, छातीत कळ आली, तर त्या पट्ट्यात बसवून दोरीने खाली सोडायचं. पट्ट्याची आणि दोरीची चाचणी एका ठरावीक वजनापर्यंत झालेली होती.

"त्याच्या वरच्या माणसाला मी केबिनमध्ये बसू देऊ शकत नाही. काही झालं तर तुम्हाला उतरवायचं कसं? पट्टा आला की परत काट्यावर उभ्या राहा. नाहीच जमलं तर खाली काम बघू काहीतरी."

"मी आजवर शिडीनेच उतरले आहे, साहेब."

"आणि शिडीनेच उतरत राहा. पण मला तेवढ्यावर सही करता येत नाही."

पोरगा वाईट नव्हता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं. म्हणून तर ती जास्तच चिडली.

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. सुरुवातीला 'बाई काय क्रेन चालवणार' म्हणून लोक माना वर करून बघायला यायचे. मग ती वॉकीटॉकीवरून सगळ्यांना घरच्यासारखं झापायला लागली आणि तिची आत्या झाली. खालून लोखंड, फळ्या, काँक्रीटची बादली उचलायची, फिरवायची आणि नेमकी जागेवर टेकवायची. खाली तिचे डोळे म्हणजे शिट्टी. गळ्यात सदा शिट्टी असायची म्हणून त्या माणसाचं नावच शिट्टी पडलं होतं. कितीतरी इमारती दोघांनी मिळून उभ्या केल्या होत्या. तो खालून बोलायचा, ती वरून हलवायची. त्याला उंचीची भयंकर भीती. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी जायचं म्हटलं तरी तो भिंत धरून उभा राहायचा. "तुम्ही वर, मी खाली. देवाने बरोबर वाटणी केलीय," असं तो म्हणायचा.

वजन गेल्या दोनेक वर्षांत वाढलं होतं. खाणं तेच, काम तेच, पण कमरेभोवती जणू कुणीतरी रोज एक घडी घालून जात होतं. पाळीचंही काही खरं राहिलं नव्हतं. कधी दोन-दोन महिने दांडी, आणि आली की पूर आल्यासारखी. रात्री झोप नाही. दिवसा बसल्या बसल्या आतून वाफ उठायची, कानाच्या पाळ्या तापायच्या, पाठीवरून घाम ओघळायचा. केबिनमध्ये ना बाथरूम, ना आडोसा. एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरणं नाही. म्हणून तिने सकाळचं पाणी पिणं केव्हाच बंद करून टाकलं होतं.

"वहिनी, अगदी सोपं आहे," नणंद फोनवर म्हणाली. "संध्याकाळी लवकर जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडाला कुलूप. माझं बघा की! जुने ब्लाऊज व्हायला लागले."

नणंदेची अजून पस्तिशीही उलटली नव्हती. पण ते त्या वेळी आत्याच्या डोक्यात आलं नाही.

तिने सुरू केलं. पहिल्या आठवड्यात खरंच वजन उतरलं आणि तिला हुरूप आला. डोकं हलकं वाटायचं, शिडी चढताना दम कमी लागायचा. दुसऱ्या आठवड्यात काटा हटून बसला. मग तिने दुपारचं जेवणही सोडलं. दिवसातून एकदा, संध्याकाळी, तेही मोजकं. काटा पुन्हा हलला. तसाच तिचा स्वभावही. वॉकीटॉकीवर ती नुसती खेकसायला लागली. "आत्या, आज मिरची खाऊन आलात का?" शिट्टीने विचारलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

तिचा नवरा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. पहाटे उठून तो दोघांचे डबे भरायचा. तिच्या डब्यात उकडलेली अंडी, भात, एक केळं. आठवडाभर डबा रिकामा परत येत होता. एके संध्याकाळी तिची पिशवी धुवायला घेताना तळाशी काळं पडलेलं केळं त्याच्या हाताला लागलं.

"हे काय गं?"

"राहिलं असेल."

"आणि अंडी? तीही राहिली असतील. कुणाला देतेस डबा?"

तिने त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"उपास धरलायस? कुठल्या देवाचा?"

"वजनकाट्याचा."

मग तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. हातातलं केळं त्याने ओट्यावर ठेवलं.

"जाड झालीस म्हणून मी कधी काही बोललो?"

"तुम्ही बोलून काय उपयोग? तुमच्या सहीने मला वर बसू देणार आहेत का?"

"खाली काम दिलं तर बिघडलं कुठे? लोक काम करतातच ना खाली?"

"लोक करतात. मला काय येतं खाली? पोती उचलू? गेटवर बसून गाड्या मोजू?"

"अगं, उपाशी बाई एवढ्या उंचावर बसते, आणि तिच्या हुकाला टनभर लोखंड! खाली माणसं असतात. त्या शिट्टीला तरी सांगितलंयस का?"

"माझ्या कामातलं मला शिकवू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. दुसऱ्या दिवशी त्याने डबा भरला, आणि ती तो मुद्दाम घरीच विसरली.

महिनाअखेर चार दिवसांवर आली होती. त्या सकाळी दोन महिन्यांनी पाळी आली होती, तीही अशी की उठतानाच तिला कळलं, आजचा दिवस अवघड आहे. रजा टाकावी असं मनात आलं. पण एवढ्यात रजा टाकली तर सेफ्टीसाहेब कारण विचारणार. दुहेरी बंदोबस्त करून ती निघाली. शिडीवर मधल्या दोन टप्प्यांवर तिला थांबावं लागलं. याआधी ती कधी थांबली नव्हती.

दुपारच्या सुट्टीत ती उतरली नाही. खुर्चीतून उठण्याचीच भीती वाटत होती.

सुट्टीनंतर सळ्यांचा भारा उचलायचा होता. वरच्या स्लॅबवर सेंटरिंगची, फळ्यांचा साचा बांधणारी, माणसं काम करत होती. भारा त्यांच्या बाजूने वळवून पलीकडच्या कोपऱ्यात टेकवायचा. असे भारे तिने झोपेतही टेकवले असते.

"उचला, आत्या. हळू. घ्या डावीकडे."

तिने क्रेनचा आर्म फिरवला. भारा स्लॅबच्या कडेवर आला आणि पोटातून ती वाफ उठली. नेहमीसारखी कानाशी थांबली नाही, डोळ्यांत शिरली. काच पांढरी झाली. मग काचेच्या कडांकडून काळं आत सरकायला लागलं. हाताची बोटं तिला दिसत होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी.

तिने दोन्ही दांड्या सोडल्या. सोडल्या की क्रेन जागच्या जागी थांबते. सळ्यांचा भारा स्लॅबच्या वर लोंबकळत झुलायला लागला.

"आत्या? थोडंच राहिलंय. घ्या अजून डावीकडे."

थोडंच राहिलं होतं, हे खरं होतं. दात आवळून एक झोका घेतला की झालं असतं आणि कुणाला काही कळलंही नसतं. महिनाअखेरीला काटाही मानला असता. तिने दांडीवर हात ठेवला. तेवढ्यात त्या काळ्या कडांमधून तिला खाली पिवळी हेल्मेटं हलताना दिसली. किती आहेत ते तिला मोजता येईना.

"शिट्टी, खालची माणसं काढ."

"काय झालं? दोर?"

"दोर ठीक आहे. मी ठीक नाही. माणसं काढ आधी."

शिट्टी वाजली. ती तिला खूप लांबून ऐकू आली. धावणाऱ्या पायांचा आवाज वर येत नाही, तरी तो आपल्याला ऐकू येतोय असं तिला वाटलं.

"स्लॅब रिकामा झाला," शिट्टीचा आवाज आता अगदी शांत होता. "आत्या, दिसतंय का?"

"नाही. अधूनमधून."

"मग डोळे मिटा. मला दिसतंय ना. माझ्या बोलण्यावर चालवा. घाई नाही. आता डावीकडे, बोटभर. अजून बोटभर. थांबा. झोका जाऊ दे. जाऊ दे... गेला. आता खाली. येऊ द्या. येऊ द्या. अजून येऊ द्या. हळू. टेकला!"

भारा टेकला. तिने ब्रेक लावला आणि डोकं समोरच्या काचेला टेकवलं.

पट्टा अजून आलेला नव्हता. सेफ्टीसाहेब अग्निशामक दलाला फोन लावत होता. तेवढ्यात शिडीवर धापा ऐकू यायला लागल्या. मधेच धापा थांबायच्या, कुणीतरी स्वतःलाच शिव्या द्यायचं आणि पुन्हा धापा सुरू व्हायच्या. केबिनचं दार उघडलं तेव्हा शिट्टीचा चेहरा तिच्यापेक्षाही पांढरा पडला होता. पाठीवरच्या पिशवीत बिस्किटं आणि गोड चहाची बाटली होती.

"तू कशाला आलास, मुडद्या?"

"खाली सगळे एकमेकांना सूचना देत होते." त्याने दाराची कड घट्ट धरली. "माझ्याशी बोला, नाहीतर मी खाली बघेन."

ती चहा घ्यायला जरा वळली आणि खुर्चीवरचा डाग त्याला दिसला. मग त्याने अंगातलं चकाकणारं जाकीट काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाठ फिरवून तो समोरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत उभा राहिला.

"माझ्या बहिणीचंही असंच होतं," तो पाठमोराच म्हणाला. "दोन वर्षं काढली तिने. खा तुम्ही."

ती खात राहिली. बिस्किटं चहात न बुडवता, कोरडी, एकामागून एक. मग जाकीट कमरेला बांधलं. डोळे निवळले.

"मी सांगतो, वारा सुटला म्हणून आपण थांबलो," तो म्हणाला. "स्लॅबवर कुणाला काय माहीत? साहेबाला मी पटवतो, तोसुद्धा वारा म्हणून लिहून टाकेल. चार दिवसांवर आलंय तुमचं."

वजनाचं त्यालाही माहीत होतं तर. सगळ्या साईटला माहीत असणार.

ती बाहेर बघत होती. झेंड्याचं कापड काठीला चिकटून लोंबत होतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"वाऱ्याचं नाव नको," ती म्हणाली. "आत्याला भोवळ आली म्हण. महिनाभर नीट जेवली नव्हती म्हण. उद्या माझ्या जागी कुणी पोरगी बसेल आणि तीही असंच करेल."

"आणि मग तुम्ही?"

"मग मी उतरेन. चल. वर बघ फक्त. खाली बघायचं माझ्याकडे लागलं."

अग्निशामक दलाची माणसं येईपर्यंत सेफ्टीसाहेबाने दोघांनाही हलू दिलं नाही. शेवटी त्या माणसांनी कमरेला आधाराचा दोर बांधून आधी शिट्टीला उतरवलं, मग तिला. पण दोघं उतरले ते स्वतःच्या पायांनी, शिडीनेच.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "एवढ्या कमी रक्तावर तुम्ही शिडी चढत होतात?" आत्याने उपासाचं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "या वयात शरीर आपल्या मनाने वागायला लागतं. उपास प्रत्येकीला वाईट असतो असं नाही. पण एवढा रक्तस्राव होताना उपास, तोही आपल्याच मनाने, कुणाला न विचारता? हे दोन वर्षांपूर्वी मला सांगायला हवं होतं." रक्तस्रावावर औषध सुरू झालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

महिनाअखेरीला काट्याने तिला पास केलं. पट्ट्याच्या मापात ती व्यवस्थित बसत होती. पण सेफ्टीसाहेबाने आधीच नकाराची मान हलवली होती. रक्त भरून येईपर्यंत वर चढायचं नाही, आणि ते किती महिने, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नव्हत्या. केबिनमध्ये दुसऱ्या साईटवरचा एक जण आला. आत्याला शिट्टीच्या जोडीला उभं केलं, पलीकडच्या बाजूने भारा कुठे न्यायचा ते सांगायला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, पोटभर जेवली आणि जमिनीवर बसली. नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

"चांगला आहे केबिनमधला पोरगा. थोडा घाई करतो. शिकेल."

तिला मान वळवता येत नव्हती. तो उठला, वाटीत तेल कोमट करून तिच्या मागे बसला आणि त्याने तिच्या मानेवर अंगठा टेकवला.

"इथे?"

"अजून जरा खाली. हां, तिथेच." तिने डोळे मिटून घेतले. "दिवसभर वर बघायची सवय नाही हो मला."

तो मान चोळत राहिला.