सहीपुरते सर

अशी कल्पना करा, की तुम्ही सलग सहा वर्षं एकच काम केलंत. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा. रोज सकाळी एका उतारावर जायचं, गुडघे टेकून बसायचं आणि गवताचा एक ठोंब खणून काढायचा. उपटायचा नाही हं, उपटला की केसांसारखी बारीक मुळं तुटतात. मग तो बादलीत बुडवून, बोटांनी माती सोडवत, एकेक मूळ धुवायचं. धुतलं की मोजायचं, मोजलं की वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उन्हात, थंडीत, ताप असला तरी. पहिलीतलं मूल सातवीत जाईल, एवढा काळ.

झाली कल्पना? आता सहा वर्षांनी कुणीतरी तुम्हाला खुर्चीत बसवून विचारतं, "ते सगळं ठीक आहे. पण तुम्हाला येतं काय?"

खारच्या आत्याला हा प्रश्न चार महिन्यांत तीन ठिकाणी विचारला गेला होता.

खार म्हणजे अकरा वर्षांची एक मुलगी. पेन्सिलीची मागची टोकं कुरतडायची तिला फार सवय, म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. नुकतीच ती डॉक्टर झाली होती. इंजेक्शन देणारी नव्हे. एखाद्या गोष्टीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून, तोवर कुणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी शोधून काढणाऱ्यांनाही डॉक्टर म्हणतात, त्यातली. शेजारच्या काकू अजूनही तिला गुडघेदुखीवर औषध विचारायच्या आणि आत्या शांतपणे सांगायची, "काकू, गवताचे गुडघे दुखत असतील तर मला सांगा."

पण डॉक्टर होऊनही नोकरी मिळेना. कॉलेजात म्हणाले, तुम्हाला शिकवायचा अनुभव नाही. बियाणांच्या कंपनीत म्हणाले, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमचं मन इथे रमायचं नाही. शाळेत म्हणाले, मुलांना शिकवायचा कोर्स कुठे केलाय तुम्ही?

"एका दारात जास्त शिकलेली, दुसऱ्या दारात कमी शिकलेली," बाबा चिडून म्हणाले. "ही माणसं तुला नेमकी कुठून मोजतात?"

आत्या हसली. तिचं ते हसणं खारला आवडलं नाही. ओठ हसत होते आणि डोळे कामावर आलेच नव्हते.

आणि मग ती जाहिरात आली. शहराच्या उद्यान खात्याची. रस्त्यांच्या कडेला जे मातीचे उतार असतात ना, वर घरं आणि खाली रस्ता, ते गेल्या वर्षात दोनदा घसरले होते. उतारावरच्या गवताची आणि मातीची जाण असलेलं माणूस खात्याला हवं होतं.

बाबांनी ती मोठ्यानं वाचली आणि कागद टेबलावर आपटला. "अगं, हे तर तुझंच वर्णन आहे! नुसता फोटो चिकटवायचा राहिलाय."

अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं. ज्यांच्या हाताखाली आत्यानं सहा वर्षं काम केलं, त्या सरांचं. तिचं काम कसं आहे, ते त्यांनी सांगायचं. आत्या सरांकडे गेली आणि तासाभरात परत आली.

"दिलं पत्र?" खारनं विचारलं.

"सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो."

"म्हणजे तुझं प्रगतिपुस्तक तूच भरायचं?"

"तसंच काहीसं."

"मज्जा आहे की! मला तर कुणी असं भरू दिलं, तर मी गणितात..."

"सगळेच सर असं करतात गं," आत्या म्हणाली. "पद्धतच आहे. त्यांना वेळ नसतो."

पण खारच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सहा वर्षांत एक पानभर लिहायला वेळ नाही? तिच्या वर्गशिक्षिका बाई तर चाळीस मुलांची प्रगतिपुस्तकं एकटीनं भरायच्या, आणि वर प्रत्येकाला टोमणाही वेगळा मारायच्या.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आत्यानं पत्र लिहिलं. चुका तपासायला खारनं ते मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं.

"'उमेदवार बऱ्यापैकी मेहनती आहेत,'" खारनं वाचलं. "ही बऱ्यापैकी कोण?"

"मी."

"तू ताप असताना बादली घेऊन गेली होतीस! आजी ओरडली होती तुला!"

"स्वतःच स्वतःला फार मेहनती कसं म्हणायचं? पुढे वाच."

"'मात्र त्यांचं काम तीनच उतारांवर झालेलं असल्यानं, निष्कर्ष इतरत्र लागू पडतील असं म्हणता येणार नाही. तिसऱ्या वर्षीचे काही नमुने खराब झाले, हेही नमूद करणं आवश्यक आहे.' आत्या! हे कशाला?"

"मर्यादा आहेत त्या. आपल्या कामात कुठे काय कमी आहे, ते आपण होऊन लिहायचं असतं. नाही लिहिलं तर ते संशोधन कच्चं समजतात."

सहा वर्षं तिला हेच शिकवलं होतं. प्रत्येक वाक्यापुढे 'कदाचित', प्रत्येक पानाच्या शेवटी 'तरीही'. ती सवय अंगात इतकी मुरली होती, की नोकरीच्या पत्रातसुद्धा तिनं स्वतःच्या उण्या बाजू ओळीनं मांडल्या, आणि वर बघून विचारलं, "झालं ना नीट?"

सरांनी सही केली. आत्या सांगत होती, फोनवर बोलता बोलता कागद भिंतीला टेकवून केली. वाचलं का, असं खारनं विचारलं नाही. भिंतीला टेकवून कुणी वाचतं का?

मुलाखत मंगळवारी होती. खारच्या शाळेला सुट्टी होती, बाबा कामावर होते, म्हणून आत्या तिला सोबत घेऊन गेली. उद्यान खात्याच्या कचेरीत लांबच लांब बोळ होता. भिंतीशी कुंड्या होत्या आणि त्यातली झाडं मात्र सुकलेली. आत्या आत गेली आणि खार बाहेरच्या बाकावर बसली. दार फुगलेलं होतं, पूर्ण लागत नव्हतं, त्यामुळे आतलं बोलणं चांगलं ऐकू येत होतं.

आत खात्याच्या अधीक्षक बाई होत्या आणि आणखी दोघं. सुरुवातीला आत्याचा आवाज अडखळला. मग बाईंनी विचारलं, "उतार घसरतात ते का, तुमच्या मते?" आणि आत्याची गाडी रुळावर आली.

"तुमची माणसं गवत कसं कापतात?" तिनंच उलट विचारलं.

"कसं म्हणजे? बुडापासून. स्वच्छ दिसतं."

"तिथेच चुकतं. पुन्हा पुन्हा बुडापासून कापलं, की खाली मुळंही आखडतात. वरून उतार हिरवागार दिसतो आणि आत माती सुटी झालेली असते. चार बोटं गवत ठेवलं तर मुळं खोल राहतात. मी सहा वर्षं मोजलंय."

"चार बोटं?" खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "एवढंच? आणि आम्ही भिंती बांधायला निघालो होतो!"

बाहेर खारनं बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायला सुरुवात केली. जमलं! आता जमलंच!

मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"पण तुमचे सर तर वेगळंच म्हणतात," अधीक्षक बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "'बऱ्यापैकी मेहनती. निष्कर्ष इतरत्र लागू पडतील असं म्हणता येणार नाही. नमुने खराब झाले.' खालच्या वस्तीत माणसं राहतात हो. तुमच्या सरांचाच तुमच्यावर भरवसा नाही, तर मी तुमच्या हाती उतार कसे देऊ?"

सांग ना, खार मनात म्हणाली. सांग, ते मीच लिहिलंय म्हणून!

"मर्यादा आहेत, हे खरं आहे," आत्या म्हणाली.

खारनं कपाळावर हात मारला.

आत कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "हे बघा, तुमचं बोलणं मला पटलंय. हे पत्र आणि तुम्ही, दोन वेगळी माणसं वाटताय. सरांना विचारा, त्यांना खरंच असं वाटतं का. वाटत नसेल तर त्यांच्याकडून नीट पत्र आणा. नावांची यादी आज पाचला वर जाते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

बोळातून चालताना आत्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू बोलली का नाहीस?" खार जवळजवळ ओरडलीच.

"सरांची फजिती झाली असती."

"आणि तुझी झाली ती?"

आत्यानं पिशवी खांद्यावर घेतली आणि ती सरांकडे जायच्या रस्त्याला लागली.

सरांच्या खोलीत त्या दोघी पोचल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. खोली मोठी होती, पुस्तकांनी गच्च भरलेली. सर काही राक्षस नव्हते बरं. गोरेगोमटे, हसरे, केस नीट विंचरलेले. त्यांनी खारला गोळीसुद्धा दिली. खारनं ती खिशात टाकली, तोंडात नाही.

आत्यानं घडलं ते सांगितलं. सर कळवळले. "अरेरे! अगं, एवढं हातचं राखून कशाला लिहिलंस? वेडी कुठली. असं कर, आत्ताच्या आत्ता दुसरं लिही. यावेळी जरा सढळ हातानं. मी सही करतो. मला चारला सभेला बसायचंय, तेवढं उरक पटकन."

आणि आत्यानं, खरंच सांगतो, पिशवीतून कोरा कागद काढला. पेनाचं टोपण काढलं.

खारची कानशिलं गरम झाली. पहिल्यांदा लिहून घेतलं, ते न वाचता सही केली, त्यापायी हिची मान खाली गेली, आणि आता पुन्हा हिनंच लिहायचं? वर वेडीही हीच?

"सर," ती म्हणाली, "आत्याला काय सापडलं?"

"हं?"

"सहा वर्षांत. काय सापडलं तिला?"

सर हसले. "तुझी आत्या गवताच्या मुळांवर काम करते, बाळ. फार मोलाचं काम आहे."

"ते माहितीये. पण सापडलं काय?"

"हेच, की... मुळं माती धरून ठेवतात."

"ते तर आम्हाला तिसरीत होतं."

"खार!" आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात धार नव्हती. ती सरांकडे बघत होती. तिलाही उत्तर ऐकायचं होतं, हे खारला एकदम कळलं.

सर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. खारनं फळीवर नजर फिरवली. वरून दुसऱ्या ओळीत जाड, हिरव्या बांधणीचं पुस्तक होतं, आत्याच्या सहा वर्षांच्या कामाचं, पाठीवर तिचं नाव. टाचा उंचावून तिनं ते ओढून काढलं आणि उघडलं. नवी वही पहिल्यांदा उघडताना येतो तसा कर्रकन आवाज झाला. पानं एकमेकांना चिकटलेली होती, तीही करकरत सुटली.

तो आवाज तिघांनीही ऐकला. लाजली मात्र आत्या, जणू चूक तिचीच होती.

"मी कॉम्प्युटरवर वाचलं होतं," सर घाईनं म्हणाले.

"मग सांगा ना."

सरांचं हसू मावळलं. "हे बघ, मोठ्यांच्या कामात असं मधे मधे करू नये. मी काय रिकामा बसलेलो नाही. माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. सगळ्यांची पत्रं मीच लिहीत बसलो, तर झालंच! सगळे आपापली लिहून आणतात. कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करणार कुणाकडे, सर?" आत्या म्हणाली.

ती हे इतक्या हळू म्हणाली, की क्षणभर खारला वाटलं आपल्यालाच भास झाला. पण सरांचा हात कागदांवर थांबला होता.

"अकरा जण आपापली लिहितात," आत्या पुढे म्हणाली, "आणि आम्हाला आमचं कौतुक लिहिता येत नाही, कारण ते तुम्ही शिकवलेलंच नाही. तुम्ही चुका शोधायला शिकवलंत. ते मी शिकले. आता कौतुक तुम्ही करा, नाहीतर नका करू. जे वाटतं ते लिहा. पण ते तुमचं असू दे." तिनं पेनाला टोपण लावलं आणि कोरा कागद सरांच्या बाजूला सरकवला. "हे पत्र मी लिहिणार नाही."

"अगं, पण मला सभेला जायचंय! दहा मिनिटांत..." सर उठले. खुर्चीच्या पाठीवरचा कोट त्यांनी उचलला. "उद्या बघू. उद्या सकाळी नक्की."

"यादी आज पाचला जाते," आत्या म्हणाली.

सरांनी एक हात कोटाच्या बाहीत घातला.

खारनं हिरव्या पुस्तकाची पानं भराभर उलटली. शेवटाकडे 'निष्कर्ष' असा मथळा होता. तिथे पुस्तक उघडं ठेवून तिनं ते सरांच्या टेबलावर कोऱ्या कागदाशेजारी मांडलं आणि पानं मिटू नयेत म्हणून वर सरांचाच चष्मा ठेवला. मग ती दारापाशी गेली, दार आतून लावलं, आणि हाताची घडी घालून, दाराला पाठ टेकवून उभी राहिली.