नळीत उतरलेली साखर

सकाळी साडेसहाला वडगावच्या प्रयोगशाळेतून निघालेली स्नेहल सातपर्यंत डोंगरावरच्या वाडीत, कमळाबाईंच्या ओटीवर पोचली. उपाशीपोटीचे रक्त घेताना तिच्या लक्षात आले, की साखरेच्या तपासणीच्या, करड्या बुचाच्या नळ्या संपल्या आहेत. तिने लाल बुचाची नळी भरली.

“समदं नेतीस का काय, बाई? मला बी ठिव थोडं,” कमळाबाई हसल्या.

पुढची चार घरे उरकून एसटीने प्रयोगशाळेत परतेपर्यंत बारा वाजले. यंत्राने कमळाबाईंची साखर एकशे आठ दाखवली. मागच्या महिन्यात ती दीडशेच्या वर होती.

“उतरली की! म्हातारी खूश होणार,” वरिष्ठ तंत्रज्ञ संदेश म्हणाला.

स्नेहलने मात्र नळीच्या लाल बुचाकडे पाहिले. नळीतले रक्तही जिवंत असते आणि त्यातल्या पेशी साखर खात राहतात. ते थांबवणारे औषध फक्त करड्या बुचाच्या नळीत असते. म्हणजे पाच तासांत साखर नळीत उतरली होती, कमळाबाईंच्या अंगात नव्हे. आणि हाच आकडा पाहून डॉक्टर चार वाजता त्यांचे इन्सुलिन कमी करणार होते.

“संदेशदादा, हा आकडा खरा नाही.”

“सांगितलंस तर बोलणी तूच खाशील. नवीन आहेस तू.”

स्नेहलने अहवाल रद्द करून नोंदवहीत ‘नळी चुकीची वापरली’ असे लिहिले, खाली सही केली आणि डॉक्टरांना कळवले. मग वाडीवर फोन लावला.

“मावशी, चूक माझी झाली. उद्या पुन्हा उपाशी राहाल ना?”