उठसूट विचारणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नाही, फोटोचीही नाही. संगणकावर तुम्ही काही पुसायला गेलात की मध्येच उगवून "खात्री आहे का?" असं विचारते ना, ती मी. खाली दोन बटणं, हो आणि नाही. तुम्ही मला हजारदा पाहिलं असेल. वाचलं असेल का, याचा मला संशय आहे. संशय हा माझा स्वभावच, त्यासाठीच तर मला घडवलं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक अवजारपेटी असते. सुताराच्या पेटीत करवत आणि रंधा, तशी हिच्यात लिहायची, जोडायची, पुसायची अवजारं. ही पेटी कुणा एकाच्या मालकीची नाही. कुणीही वापरावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ती घडवणाऱ्यांपैकी एकानं एकदा स्वतःचंच तीन दिवसांचं काम चुकून पुसलं आणि दुसऱ्या दिवशी माझा जन्म झाला. सुरुवातीला माझं केवढं कौतुक! "हिनं वाचवलं बुवा," असं म्हणत. मग कौतुकाच्या भरात त्यांनी मला जिथेतिथे बसवलं. फाइल बंद करताना मी, नाव बदलताना मी, नुसतं पान उलटलं तरी मी. रोज रोज तेच विचारणाऱ्याकडे कोण लक्ष देतो? लोक न बघता एन्टर, म्हणजे 'हो', दाबू लागले.

किनाऱ्यावरच्या दिघी गावच्या प्रज्ञाकडे मी तीन वर्षं आहे. ती प्रोग्रामिंग घरीच शिकली, व्हिडिओ बघत, चुकत. धनेश तिचा कामातला भिडू. त्याची आई वेणूबाई ओहोटीला बायकांबरोबर कातळाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं काढायला जाते. पाणी कधी वळेल, कुठल्या कातळावरून आधी निघायचं, हे चुकलं तर जिवाशी गाठ. नव्यानं येणाऱ्या मुलींना ते फोनवर दिसावं म्हणून ही दोघं अॅप बनवत होती. त्यासाठी प्रज्ञानं अकरा महिने कातळावर उभं राहून वेळा थेट फोनवर टिपल्या. त्या फक्त 'नोंदी' नावाच्या फोल्डरात, आणि ते दोघांच्या संगणकांवर सामाईक. एकानं पुसलं की दोघांकडचं जातं.

पेटीला आणखी एक खोड आहे. यादीत नवी फाइल आली की सगळ्या ओळी न सांगता एक घर खाली सरकतात. एका दुपारी प्रज्ञा 'कचरा' नावाचं फोल्डर पुसायला गेली. बोट टेकेपर्यंत ओळी सरकल्या आणि बोटाखाली 'नोंदी' आल्या. मी उगवले. जीव तोडून विचारलं, "खात्री आहे का?" पण माझा आवाज रोजच्यासारखाच. तिनं एन्टर दाबलं.

दुसऱ्या दिवशी फोल्डर सापडेना.

"धनेश, नोंदी कुठं आहेत?"

"मला काय विचारतेस?"

"परवा तूच म्हणालास, हे सगळं मोडून नव्यानं करू."

"म्हणून पुसून टाकीन? माझी आई जाते त्या कातळावर!"

"मग कुणी पुसल्या? मांजरानं?"

धनेशनं लॅपटॉप मिटला आणि निघून गेला. मला सगळं ठाऊक होतं, पण मला एकच वाक्य बोलता येतं. संशय घेणं माझं काम. या दोघांना ते करताना बघून मीच ओशाळले.

तिसऱ्या दिवशी वेणूबाई दारात आली, लुगड्याचा काठ ओला.

"माझ्या लेकावर आळ घेतलास म्हनं?"

"मावशी, आम्हा दोघांशिवाय कुणाला पुसता येत नाही. आणि मी तर पुसल्या नाहीत."

"पुसताना ह्यो डबा काय इचारत न्हाय?"

"विचारतो ना. खात्री आहे का म्हणून."

"मग तू काय म्हंतेस?"

"हो म्हणते."

"दर टायमाला?"

प्रज्ञा एन्टरच्या बटणाकडे बघू लागली.

वेणूबाई हसली. "मी पन आधी इचारायची, पानी वळलं, समद्या आल्या का गं? समद्या खाली मान घालून 'व्हय, व्हय'. एक डाव केसर मागंच ऱ्हायली, गळ्यापर्यंत पान्यात. तवापासून मी इचारते, तुझ्या बाजूला कोन हाय, नाव सांग. नाव सांगायचं तर मान वर करायला लागते, पोरी."

पेटीत केलेल्या कामांचा इतिहास असतो; कुणी, कधी, काय केलं एवढंच तो सांगतो, पुसलेलं परत देत नाही. तो सात ठिकाणी शोधल्यावर सापडतो; आणि एकदा संशय पक्का झाला की पुरावा शोधायचा माणसाला कंटाळा येतो. प्रज्ञानं आता तो शोधला. 'नोंदी' पुसल्या, दुपारी सव्वातीन. पुसणारी व्यक्ती, प्रज्ञा.

धनेश धक्क्यावर बसला होता. समोर आगरदांड्याची फेरीबोट लागत होती.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली.

"खात्री आहे का?" त्यानं वळून न बघताच विचारलं.

"हो."

"हो नको. कुणी, काय, नीट सांग."

"नोंदी मी पुसल्या. प्रज्ञानं. धनेशनं नाही."

"उद्या साडेसहाला ओहोटी हाय," तो म्हणाला. "वही घेऊन ये. पहिल्यापासून."

मग दोघांनी मला दुरुस्त केलं. बाकी सगळ्या जागांवरून उठवलं. आता मी फक्त पुसताना येते आणि माझ्याकडे 'हो'चं बटणच नाही. जे पुसायचं त्याचं नाव लिहावं लागतं. पेटी सांभाळणाऱ्यांनीही ही दुरुस्ती ठेवून घेतली. ते अकरा महिने मात्र परत आले नाहीत. ते पुन्हा गुडघाभर पाण्यात उभं राहूनच भरावे लागताहेत.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही अशा पेट्या घडवाल, तेव्हा आम्हा चौकटींना उठसूट बोलायला लावू नका. कुणी काही विचारलं तर मान वर करून उत्तर द्या. आणि माणसावर संशय आलाच, तर आधी इतिहास उघडा आणि त्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधा.