विजूच्या खिशातला गूळ

बसऱ्याहून आमच्या ह्यांचं पत्र आलं ते चौतीस सालच्या चैत्रात. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर असलेला हा माणूस इराकच्या रेल्वेत नोकरीला गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. गेले ते आमच्या विजूसाठीच. विजयमाला सहा वर्षांची असताना तिला मधुमेह असल्याचं निघालं. रोज दोन वेळा इन्शुलिन टोचलं तर पोर जगेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते औषध वर्कशॉपच्या पगारात बसणारं नव्हतं.

आता पत्रात लिहिलं होतं की राहायला क्वार्टर मिळालंय, दवाखाना जवळ आहे, औषध तिथे बर्फाच्या पेटीत ठेवतात. मे संपायच्या आत दोघी या. खाली एक ओळ वेगळ्या शाईत होती, मागाहून सुचलेली: विजू केवढी झाली ते कळेना, तिच्या उंचीचा दोरा कापून पाठव. मी दोरा कापला. तो पाकिटात घालताना मला पहिल्यांदा जाणवलं, की बापाला लेक दोऱ्यावरून ओळखावी लागतेय.

जायचं मी त्याच दिवशी ठरवलं. अडचण होती ती सासूबाईंची. मथुराबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, पण विजूवर त्यांचा जीव इतका, की ती अंगणाबाहेर गेली तरी त्यांना घोर लागायचा. आम्ही राहायचो सोलापूरच्या साखर पेठेत, आणि घरात साखरेचा कण नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे गूळ-पाणी द्यायची रीत. तीही आत्याबाईंनी बंद केली होती. पाहुणे नुसतं पाणी पिऊन एकमेकांकडे बघायचे. गुळाचा डबा कुलपात, आणि किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला.

पत्र वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “जितं खजुराचीच झाडं, तितं ह्या पोरीला नेतीस व्हय? आन ऊन? तितलं ऊन माणसाला भाजून काढतं म्हनं.”

बोटीवर चढायला डॉक्टरचा दाखला लागणार होता. म्हणून आम्ही तिघी शिवशरण डॉक्टरांकडे गेलो. हेच डॉक्टर दोन वर्षं विजूला बघत होते. त्यांनीच मला वांग्यावर सुई टोचायला लावून इंजेक्शन शिकवलं होतं. आत्याबाईंनी त्यांनाही बसऱ्याच्या उन्हाची भीती घातली. ते म्हणाले, उन्हाची भीती सोलापूरकरानं घालायची म्हणजे कमाल आहे. इथे परवा पारा एकशे नऊवर होता. आधी इथलंच ऊन बघू या.

त्यांनी परीक्षा ठरवून दिली. भर मेमध्ये मी विजूला घेऊन वैरागला थोरल्या बहिणीकडे जायचं आणि तीन दिवस राहायचं. औषधाची बाटली मडक्यात ओल्या वाळूत ठेवायची, वरून ओलं फडकं, आणि फडकं वाळू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळून बघायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवट झाली तर चालेल, विटकरी झाली तर साखर वाढली, म्हणजे उन्हानं इन्शुलिन नासलं. नासलं नाही तर दाखल्यावर सही.

उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि भांडण लागलं ते त्यावरून. उन्हात आणि दगदगीत हे औषध कधीकधी जास्तच लागू पडतं. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस वेड्यासारखं बोलतं. अशा वेळी लगेच गोड द्यावं लागतं. म्हणून सुपारीएवढे गुळाचे दोन खडे सतत जवळ हवेत, आणि ते माझ्याजवळ नाहीत, विजूजवळ.

आत्याबाई खुर्चीवरून उठल्याच. दोन वर्षं ज्या पोरीला गुळाचा वाससुद्धा लागू दिला नाही, तिच्या खिशात गूळ ठेवायचा? आठ वर्षांची पोर ती, गल्लीचं वळण येईपर्यंत संपवेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं आणि विजूशी एकटीशी पाच मिनिटं बोलले. काय बोलले ते तिनं सांगितलं नाही. घरी आल्यावर मी तिच्या पोलक्याला आतून खिसा शिवला. आत्याबाईंनी कुलूप काढलं, गूळ फोडला आणि खडे माझ्या हातावर ठेवले. विजूच्या हातात त्यांनी दिले नाहीत.

आत्याबाई सोबत येणारच होत्या. निघायच्या दिवशी सकाळी सहाला मी विजूला इंजेक्शन दिलं. मोटारीत बसायच्या आनंदात तिनं अर्धीच भाकरी खाल्ली. नऊपर्यंत वैरागला पोचू, तिथे पोटभर खाईल, असं म्हणून मीही सोडून दिलं. वाळूचं मडकं मांडीवर घेऊन मी वैरागच्या सर्व्हिस मोटारीत बसले.

वाटेतल्या वडाळा गावाच्या पुढे टायर फुटला. ड्रायव्हर महादेवप्पा मोठा धीराचा माणूस. प्रत्येकाला “आत्ता होतंय” म्हणायचा आणि पुन्हा मोटारीखाली शिरायचा. आम्ही सगळे उतरून लिंबाच्या सावलीत बसलो. पोरं जवळच्या विहिरीकडे पळाली, त्यांच्यामागे विजूही. मी मडक्याचं फडकं भिजवत होते. सगळं लक्ष त्या फडक्यावर. दहा वाजत आले असतील.

मग मोटारीच्या मागच्या बाजूला मला विजूचा परकर दिसला. ती पाठ करून उभी होती. मी गेले, तर गालात खडा, आणि दुसरा हातात. माझ्या डोक्यात एकच आलं: खाल्लाच शेवटी. आता दाखला गेला, बसरा गेलं, आणि आत्याबाई म्हणतील तेच खरं. मी तिला थोबाडीत मारली. बोट घालून तिच्या तोंडातला गूळ काढला, हातातलाही हिसकावला आणि दोन्ही धुळीत फेकून दिले.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून हसली, आणि “मोटार उलटी चालली” असं काहीतरी पुटपुटत खाली बसली.

आत्याबाई धावत आल्या. “ऊन लागलं पोरीला,” म्हणाल्या. सगळ्यांनाच ते पटलं. मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर पोर बसली, तर दुसरं काय असणार? कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, महादेवप्पानं मोटारीसाठी आणलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मी तिच्या पाठीवर, पोलक्याच्या आत हात घातला. तिथे पाणी पोचलं नव्हतं, तरी पाठ ओलीचिंब होती, आणि गार. माझ्या माहेरी ऊन लागलेली माणसं मी पाहिली होती. त्यांचं अंग तव्यासारखं कोरडं तापतं.

मी गुडघ्यावर बसून धुळीत गूळ शोधला. एका खड्याला मुंग्या लागल्या होत्या. दुसरा पदराला पुसला आणि विजूच्या गालात सरकवला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. “अंबू, काय करतीस? मारतीस का तिला?”

“आत्याबाई, हात सोडा,” मी म्हणाले. त्यांना मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी हात सोडला.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. महादेवप्पा पंप मारत होता, त्याचा आवाज तेवढा आठवतो. आधी विजूचे ओठ हलायचे थांबले, मग डोळे माझ्यावर स्थिर झाले. तिनं गूळ चघळला, गिळला, आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आई, तो माझा गूळ होता.”

मी गाठोडं सोडून तिला भाकरी चारली. ती खात होती आणि मी तिच्या गालावरची बोटं बघत होते. 

वैरागचे दिवस छान गेले. बहिणीच्या घरात मडकं देवघरात ठेवलं होतं, आणि तिची सून पूजेआधी त्याचं फडकं भिजवायची. पहिल्या संध्याकाळी नळी हिरवट झाली, पुढे दोन्ही दिवस निळी राहिली. ती उकळायची वेळ झाली की आत्याबाई चष्मा लावून चुलीपाशी येऊन बसायच्या. “मोरपिसावानी हाय,” म्हणायच्या. रात्री मी अंथरुणावर हिशेब करायची: औषध टिकलं, म्हणजे सही मिळणार. थोबाडीत मारल्याचं डॉक्टरांना कळायचं काही कारण नाही. विजूला सांगू नकोस म्हणावं, असंही एकदा मनात आलं. पण तसं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

सोलापुरात परतल्यावर डॉक्टरांनी नळ्यांची हकीकत ऐकली, समाधानानं मान हलवली आणि पेन उघडलं. आता सही करणार, इतक्यात आत्याबाई बोलल्या.

“डाक्टर, पोरीची साखर उतरली वाटंत. तिनं वळखलं, तिनं गूळ काढला. आमी न्हाय वळखलं. आमी तिला चोर म्हनून मारलं.”

मारलं होतं मी. त्या ‘आमी’ म्हणाल्या.

मी खाली मान घातली. आता हा माणूस पेन मिटणार. डॉक्टरांनी पेन खरंच बाजूला ठेवलं. मग विजूला टेबलाजवळ बोलावून म्हणाले, “पोरगी पास झाली. ह्या दोघींचं काय करायचं, तूच सांग.” आणि साखर उतरते तेव्हा काय होतं, ते तिलाच आम्हाला समजावून सांगायला लावलं.

विजू हाताची घडी घालून उभी राहिली. शाळेत पाढे म्हणावेत तसं सांगू लागली. आधी जिभेला मुंग्या येतात. मग हात हलतात. मग सगळ्यांचा राग येतो. शाळेत एकदा थोडंसं असंच झालं होतं, पण तेव्हा गूळ नव्हता म्हणून बाकावर डोकं ठेवून बसले, मग सुट्टीत भाकरी खाल्ली.

“राग तर हिला रोजच येतो,” आत्याबाई म्हणाल्या. पण त्या रडत होत्या.

डॉक्टरांनी दाखला लिहिला. तो इंग्रजीत होता, त्यांनी मराठीत वाचून दाखवला: मुलगी समुद्रप्रवासाला योग्य आहे, स्वतःची काळजी घेऊ शकते, सोबत आई असावी.

तेवीस मेला मुंबईच्या गाडीला आम्हाला बसवायला आत्याबाई स्टेशनवर आल्या. डब्यात गुलबर्ग्याकडची एक बाई होती, दोन मुलांची आई, आमच्याबरोबर पुण्यापर्यंत येणारी. आत्याबाईंनी खिडकीतून तिच्याशी ओळख काढली. मला वाटलं, नातीवर लक्ष ठेवायला सांगतील. गार्डानं शिट्टी दिली तेव्हा त्यांनी गजातून त्या बाईचा हात धरला.

“बाई, ही पोर वाटंत गूळ खाईल. खाताना दिसली तर आडवू नगा, तिला कळतंय. हिच्या आईला तेवढं सांभाळा.”

ती बाई माझ्याकडे बघू लागली. गाडी हलली. विजू खिडकीशी बसून आजीला हात करत होती, आणि मी मडक्यावरचं फडकं भिजवायला घेतलं.