खिशातल्या बिया

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे चाचपायचे, हा ताईंच्या लाँड्रीचा पहिला नियम. खिशात जे निघेल ते पुडीत बांधून धुतलेल्या कपड्यांना टाचायचं, हा दुसरा. सुटे पैसे, किल्ल्या, एकदा तर कवळीसुद्धा धन्याकडे सुखरूप परत गेली होती. परत गेल्या नव्हत्या त्या फक्त ड्रायव्हरसाहेबांच्या शर्टातल्या बिया.

साहेब म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, घरात एकटेच. आठवड्याचे कपडे आणायचे आणि एक विनोद सांगायचे. त्यात शेवट आधीच सांगून टाकायचे आणि स्वतःच हसत सुटायचे. ताईंना हसू यायचं ते त्यांच्या हसण्याचं.

पहिल्यांदा बिया निघाल्या तेव्हा ताईंना वाटलं, कचरा. दुसऱ्यांदा निघाल्या त्या काळ्या, टपोऱ्या. तिसऱ्यांदा मात्र त्या गोंधळल्या. माणूस एकदा विसरेल. दर वेळी, आणि तेही काळजावरच्या खिशात? (शर्टाला खिसा तेवढाच असतो, हे त्यांना फार उशिरा सुचलं.)

"ताई, लोक फुलं देतात, हे बिया देतात," इस्त्री करणारी धाकटी बहीण म्हणाली. "म्हणजे माती तू आणायची, पाणी तू घालायचं, आणि वर लाजायचंही तूच!"

"गप गं. कॉलर जळेल."

पण बिया पुडीत गेल्या नाहीत. मागच्या खिडकीत, साबणाच्या रिकाम्या डब्यांत गेल्या. सकाळी शटर वर केलं की दिवा लावायच्या आधी ताई तिकडे डोकावायच्या. कधी नवं पान, कधी कळी. एवढ्याशा गोष्टीने दिवस बरा जायचा. विचारायचं मात्र कसं? साहेब नाही म्हणाले तर फजिती, हो म्हणाले तर त्याहून मोठी.

परवा साहेबांनी गठ्ठा ठेवला आणि विनोद सांगितलाच नाही.

"हे शेवटचे कपडे, बाई. लेकीकडे चाललोय. कायमचा."

"अहो, असं अचानक?"

"डोकं चालेनासं झालंय. बागेत फिरताना वाळक्या फुलांच्या बिया खुडतो, खिशात ठेवतो. पक्कं आठवतं. मग घरभर शोधतो, तर कुठेच नाहीत. शर्टाबरोबर इथे आल्या म्हणावं, तर तुम्ही लोकांचे दातसुद्धा परत देता! म्हणजे मी ठेवतच नाही, नुसतं ठेवल्यासारखं वाटतं. लेक घाबरलीय. म्हणते, आज बिया, उद्या गॅस."

इस्त्री थांबली. बहिणीला उगाचच खोकला आला.

ताईंनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. म्हणजे आपल्याला काही दिलंच नव्हतं? हे सांगावं तर आपलं हसं, न सांगावं तर चांगल्या डोक्याचा माणूस घराला कुलूप लावून जाणार.

"या इकडे," असं म्हणून त्यांनी साहेबांना खिडकीपाशी नेलं. "या तुमच्या बिया. मीच ठेवून घेतल्या."

"पण का?"

"मला वाटलं..." ताईंनी जीभ चावली. "मला वाटलं, मलाच आहेत."

साहेबांनी फुलांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पुन्हा फुलांकडे. मग असे हसले की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"म्हणजे मी वेडा नाही!"

"तुम्ही नाही," बहीण म्हणाली. "कोण ते आम्हाला ठाऊक आहे."

साहेबांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "अगं, सापडल्या! लाँड्रीत! घे, या बाईंनाच विचार." आणि फोन ताईंच्या हातात कोंबला. ताईंनी नियम सांगितला, खिसा सांगितला, डबे सांगितले. एक गोष्ट तेवढी गाळली.

पलीकडून लेक म्हणाली, "बरं, मग तुम्हीच सांगा. बाबांना इकडे आणू की नको?"

"नका नेऊ," ताईंच्या तोंडून निघून गेलं. आणि हे आपण कोणत्या नात्याने बोललो, ते त्यांचं त्यांनाच कळेना. मदतीसाठी साहेबांकडे पाहिलं, तर ते एका डब्यात बोट खुपसून माती ओली आहे का बघत होते.