चिल्ल्याआधीचा बर्फ

उन्हाळ्याचे कडक चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला, लागायला अजून नऊ दिवस होते आणि नजरुल्लोच्या पायाला भिंगरी लागली होती. बायकोच्या उशाशी बसे, उठे, अंगणात जाई, बर्फखड्ड्याच्या दाराचं कुलूप चाचपून परत येई. सबोहतचा घसा सुजून बंद झाला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. कालपासून पाण्याचा थेंबही उतरत नव्हता.

आणि किल्ली ह्याच्याच कमरेला! उरातेपा शहरातल्या आमच्या मोहल्ल्याची रीतच तशी. हिवाळ्यात सगळ्यांनी खपून डोंगरावरचा बर्फ खड्ड्यात दाबून भरायचा, वर पेंढा, वर माती, आणि चिल्ल्याच्या पहिल्या पहाटेपर्यंत दार उघडायचं नाही. आत ऊन शिरलं की सगळ्यांच्या उन्हाळ्याचं पाणी. राखणदार नजरुल्लो. मेला असा नियमाचा पक्का, की गेल्या वर्षी शेजारची रुखसोरा तापलेल्या लेकीसाठी मूठभर बर्फ मागायला आली, तर म्हणाला, "नियम म्हणजे नियम, बाई." पोर तिसऱ्या दिवशी गेली.

"उघडू का गं?" त्यानं विचारलं.

सबोहतला आवाज फुटत नव्हता, कशीबशी पुटपुटली. "रुखसोराला नाही म्हणालात. आता कुठल्या तोंडानं उघडाल?"

तो पुन्हा बाहेर आला, तर दारात रुखसोराच उभी. हातात फडकं बांधलेलं मडकं.

"दादा, येरझारा घालून अंगण झिजवणार का? उघडा खड्डा."

"नऊ दिवस आहेत अजून. मोहल्ला काय म्हणेल?"

"अठ्ठावीस घरं विचारून आलेय. एकानंही नाही म्हटलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही कुणाला विचारलंत?"

नजरुल्लोनं कमरेची किल्ली सोडली. खरंच, कुणालाच विचारलं नव्हतं. किल्ली तिच्या हातात दिली, कुलूप तिनंच काढलं.

नुसता बर्फ जिभेवर ठेवताच सबोहत कळवळली, थुंकून मोकळी झाली. रुखसोरानं मडक्याचं फडकं सोडलं. आत तुतीचा आटवलेला काळा रस. तिनं बर्फ किसला, त्यावर रस ओतला आणि चमच्याच्या टोकानं भरवला. आज चिल्ल्यात हे कोपऱ्याकोपऱ्यावर विकतात, पोरं त्यासाठी भांडतात. तेव्हा असलं काही आमच्यात कुणी पाहिलंही नव्हतं. एक घोट उतरला. मग दुसरा. तिसऱ्याला सबोहतनं आपणहून तोंड उघडलं आणि नजरुल्लो भिंतीला टेकून हमसून हमसून रडला.

"पण यंदा तर गारपिटीनं सगळी तुती झोडपली," डोळे पुसत तो म्हणाला. "रस आणलास कुठून?"

"यंदाचा नाही, दादा." रुखसोरा पुढचा चमचा भरत होती. "नुसता बर्फ पोरीला गिळवणार नाही, म्हणून गेल्या वर्षी आटवून ठेवला होता. मग तुमच्याकडे आले होते."