रॅम्प नव्हता त्या वर्षी

शो सुरू झाला की सगळ्यांचे डोळे रॅम्पवर खिळायचे आणि ताईंचे शेवटच्या रांगेवर.

पुरुषांच्या कपड्यांचा तो कारखाना त्यांच्या धाकट्या भावाचा. जगासाठी तो मोठा माणूस. त्याचं नाव कोटाच्या आत रेशमी पट्टीवर विणलेलं असायचं. पण साठी उलटली तरी ताईंच्या तोंडी तो बारक्याच. शिवणखात्याचा सगळा कारभार ताईंकडे होता. वर्षातून एकदा मोठा हॉल घ्यायचा, मधोमध उंच वाट बांधायची आणि त्या वर्षीचे कोट, सदरे अंगावर चढवून उंचनिंच मुलांनी त्या वाटेवरून चालत यायचं, असा शिरस्ता.

"एवढं तोंड पाडून का चालतात रे ही मुलं? बूट चावतात का यांना?" ताईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"हसली की लोक चेहऱ्याकडे बघतात ताई, कपड्याकडे नाही," बारक्या म्हणाला होता.

ताईंची जागा पडद्यामागे. प्रत्येकाचं शेवटचं बटण तपासायचं, पाठीवरचा दोरा टिपायचा आणि मुलाला पुढे ढकलायचं. तो पुढे गेला की दोन पडद्यांमधल्या फटीला डोळा लावायचा. शेवटच्या रांगेत, दाराला लागून असलेल्या खुर्चीत दादा बसलेला असायचा.

दादा तिघांत थोरला, बाबांच्या हाताखाली तयार झालेला. बाबांचं दुकान होतं तोवर दोघे भाऊ एकाच टेबलावर समोरासमोर कापड कापत. बाबा गेले आणि बारक्याच्या डोक्यात शोचं खूळ शिरलं. त्या पहिल्या शोसाठी दादानं एक कोट सगळाच्या सगळा हातानं शिवला. त्याचा जेवणाखाण्यात जीव नव्हता, सगळा जीव त्या कोटात. शोच्या दिवशी तो कोट रॅम्पवर आला तो दोन्ही बाह्या उपटलेला, खांद्यांवर दोरे लोंबत असलेला. ती म्हणे फॅशन होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दादाही उभा राहिला, पण दाराकडे तोंड करून. बारक्यानं त्याला विचारलं नव्हतं, एवढीच गोष्ट. विचारलं असतं तर दादा नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादानं आपली कात्री कापडात गुंडाळली आणि तो निघून गेला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक खोली घेऊन तो लोकांचे कपडे दुरुस्त करत बसला. तेव्हापासून दोघा भावांत चकार शब्द नाही. ताई मात्र मध्ये लटकल्या. पुढच्या वर्षी त्यांनी शोचं एक तिकीट पाकिटात घालून पोस्टानं पाठवलं, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. दादा आला! शेवटच्या खुर्चीत बसला आणि कपडे संपून बारक्या लोकांना नमस्कार करायला बाहेर येणार, त्याच्या आधीच उठून गेला. मग हे दरवर्षीचंच झालं.

दादाची बायको वारली तेव्हा ताई न राहवून त्याच्या दारात गेल्या होत्या. दादानं पाणी दिलं, बस म्हणाला नाही. निघताना एवढंच बोलला, "तिकीट पाठवत जा. कपडे बघायला येतो मी, कुणाला भेटायला नाही. कुणी भेटायला आलं तर यायचा बंद होईन."

ताईंनी तोंडाला कुलूप लावलं. भाऊ दिसतो तर आहे, तेवढं तरी कशाला घालवा? त्या फटीतून त्यांनी आपला भाऊ म्हातारा होताना पाहिला. कानशिलं पांढरी झाली, मग चष्मा आला, मग काठी. आणि गेल्या वर्षी त्यांना दिसलं की दादाच्या कोटाची कॉलर मानेपासून सुटली आहे. मध्ये दोन बोटं सहज जातील इतकी. त्या भरलेल्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. दुसऱ्याच्या कोटाची कॉलर सुटलेली दिसली तरी हा माणूस बेचैन व्हायचा, रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून सांगायचा. तो असा कोट घालून चारचौघांत आला, म्हणजे अंगावरचं मांस किती उतरलं असेल आणि ते नीट करण्याची उमेदही कशी उरली नसेल!

तेव्हापासून ताईंचा जीव टांगणीला लागला होता. या वर्षी काय वाटेल ते होवो, पडदा सारून त्याच्याकडे जायचं आणि त्याचा हात धरायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. जमलं तर दुसऱ्या हातानं बारक्याला ओढून आणायचं.

आणि नेमकं त्याच वर्षी बारक्यानं शिवणखात्यात येऊन सांगितलं, "ताई, या वर्षी रॅम्प नाही. आपण फिल्म करतोय. आठ-नऊ मिनिटांची."

"फिल्म? आणि लोक?"

"लोक घरी बसून बघतील. आता सगळे तेच करतायत."

"सगळे काहीही करतील. कपडा चालताना बघायचा असतो. तो वळतो कसा, पडतो कसा, ते डब्यात बंद करून कळतं होय?"

बारक्याच्या मागे एक बाई उभी होती. केस बारीक कापलेली, गळ्यात कॅमेरा, तोंडानं फटकळ. कारखान्यातल्या सगळ्यांनी पुढे तिचं नाव फिल्मवालीच पाडलं. ती म्हणाली, "आजी, रॅम्पवर कपडा दिसतो तरी किती वेळ? मी तुमचं काज एवढं मोठं दाखवीन, भिंतीएवढं."

"काज काय करायचंय भिंतीएवढं? बटण कुठून आणशील मग?"

सगळे हसले. बारक्याही हसला आणि म्हणाला, "खरं सांग ताई, शेवटच्या रांगेतल्या माणसाला आजवर काय दिसलं असेल? त्याला आता पहिल्या रांगेतल्यासारखं दिसेल."

ताईंचा हात थांबला. डोळे भरून आले. त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं सांगून टाकलं.

बारक्या कापायच्या टेबलाला धरून उभा होता. म्हणाला, "म्हणजे माझा एकही शो त्यानं चुकवला नाही?"

"एकही नाही."

"आणि तू मला बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तू नमस्कार सोडून त्याच्याच खुर्चीकडे धावला असतास. आणि तो पुन्हा आला नसता."

"धावलो असतो," बारक्या म्हणाला. "आणि पडलो असतो त्या रॅम्पवरून."

हॉल सोडून दिला होता, फिल्मचं सगळं ठरलं होतं. आता मागे फिरणं नव्हतं. फिल्मवाली पहिल्यापासून बारक्याच्या मागे लागली होती की तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर कापड कापा, आणि तो नाक मुरडत होता. त्या दिवशी तिला बोलावून म्हणाला, "मी कापतो. पण शेवटी नाही. मध्येच ठेव मला, कपडे चालू असताना. उठून जाता येणार नाही अशा ठिकाणी." तिला काही कळलं नाही, पण काम झालं म्हणून ती खूश झाली.

फिल्म तयार झाली तशी ताई ती एका पाटीएवढ्या स्क्रीनवर घेऊन दादाकडे गेल्या. दार पुतणीनं उघडलं. आत्याला बघून ती आधी गोंधळली, मग तिच्या गळ्यातच पडली. "बाबा उठत नाहीत गं आता," ती हळूच म्हणाली. "यंदा तिकीट आलं असतं तरी..."

म्हणजे शो झाला असता आणि पडद्याच्या फटीतून ताईंना रिकामी खुर्ची दिसली असती. फिल्मला आपण इतके महिने शिव्या घालत होतो, आणि हिच्याशिवाय इथवर यायला निमित्तसुद्धा उरलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं.

दादा उशांना टेकून बसला होता. सदरा अंगावर नव्हताच जणू, खुंटीवर अडकवल्यासारखा होता.

"आलीस? तिकीट कुठाय?"

"या वर्षी शोच तुझ्याकडे आलाय," ताई म्हणाल्या आणि न विचारता पलंगावर त्याच्याशेजारी बसल्या. त्यानंही सरकून जागा दिली.

फिल्म सुरू झाली. तरणी मुलं नव्हतीच तिच्यात. एक पाव भाजणारा माणूस भट्टी विझवून, हात धुऊन कोट चढवत होता. एक बसचा ड्रायव्हर रिकाम्या बसमध्ये आरशात बघून कॉलर सारखी करत होता. दादा एकेका खांद्याशी डोळे बारीक करत होता. "हं... बरा आहे... ही बाही कुणी लावली?"

"मी."

"वाटलंच. जरा पुढे आलीय."

"आली असेल. तू बस शेवटच्या रांगेत आणि चुका काढ."

मग भट्टी गेली, बस गेली, आणि एक टेबल आलं. बारक्या वाकून कापड कापत होता. मशीन नाही, बाबांची जड कात्री. ती तो बाबा चालवायचे तशीच चालवत होता, पातं टेबलावरून न उचलता. कॅमेरा हातांवरून वर सरकत चेहऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. दादाचा हात काठीकडे गेला, पण काठी दूर कोपऱ्यात होती.

"केस गेले की याचे," दादा म्हणाला.

"कधीचेच."

"बाबाच दिसतोय मेला." फिल्म संपली तसा तो म्हणाला, "ते पुन्हा लाव. कात्रीचं."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तो स्क्रीनकडे बघतच नव्हता, खिडकीकडे बघत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ताईंनी हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही.

"बोलावू त्याला? आत्ता येईल. धावत येईल."

"आत्ता? या अवतारात?" दादानं सदऱ्याची चिमूट धरून दाखवली. "बारक्यासमोर मी असा झोळीत बसू? तो कोट काढ कपाटातला, शोला घालून यायचो तो. माझं माप घे. आणि कोट मापाला आत घ्यायला त्यालाच सांग, तू घेऊ नकोस. बघू तरी काही शिकलाय का. कोट झाला की तोच घेऊन ये म्हणावं."

ताईंनी टेप काढून त्याच्या छातीला लावली.

"पोट आत ओढू नकोस दादा, माप चुकेल."

"ओढत नाहीये. तिथेच असतं ते आता."

ताई कोट घेऊन आल्या तेव्हा बारक्यानं तो छातीशी धरला, सगळ्यांदेखत. मग त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. सगळ्या शिवणी उसवल्या, नव्या मापानं आखल्या, कच्च्या टाक्यांनी जोडल्या. कोट पुतळ्यावर चढवला, लांबून बघितला आणि पुन्हा उसवला.

"अरे, झालाय की," ताई म्हणाल्या.

"खांदा ओढतोय."

"कुणाला दिसणार आहे?"

"त्याला दिसेल. दुसऱ्या कुणासाठी शिवतोय मी?"

ताईंना ते पटलंही. पटलं हेच वाईट झालं. दुसऱ्या कुठल्याही घरची माणसं तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी पळत सुटली असती. ही तिघं शिंप्याची पोरं होती. अपुरा कोट घेऊन दादासमोर जायचं, हे दोघांच्याही मनाला शिवलं नाही. बारक्या खांदा जमवत राहिला, ताई अस्तर मोजत राहिल्या. बाहेर फिल्म भलतीच गाजत होती. फोनवर फोन येत होते, फिल्मवाली आनंदानं कारखानाभर नाचत होती आणि बारक्या दाराआडून ओरडत होता, "नंतर! नंतर बोलतो म्हणावं!"

पुतणीचा फोन आला तेव्हा खांदा नुकताच जमला होता. ताईंनी फोन कानाला लावला, ऐकलं, खाली ठेवला. त्या दारातून आत आल्या आणि त्यांना बोलावंच लागलं नाही. बारक्यानं सुई टोचून ठेवली. कोट हातावर घेतला, बाळाला घ्यावं तसा.

दादाच्या घरी लोक जमले होते, दाराशी तिरडी बांधत होते. त्यांनी वाट करून दिली. बारक्या पलंगाजवळ गेला आणि नुसता बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं दादाला पाहिलंच नव्हतं. बघून बघून झाल्यावर त्यानं पुतणीला विचारलं, "घालू का त्याला?" ती हो म्हणाली. दोघा-तिघांनी दादाला हलकेच उचललं. कोट चढला. बारक्यानं कॉलर सारखी केली, खांद्यांवरून हात फिरवला. मानेशी कॉलर बसली ती अशी की मध्ये दोराही जाऊ नये.

"ताई, पक्की शिवण राहिलीये गं," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना कच्चाच टाका आहे. पांढरा दोरा दिसतोय."

"सुई आहे माझ्याकडे."

बाहेर कुणीतरी घाई करत होतं, उशीर होतोय म्हणत होतं. ताईंनी जाऊन दार ओढून घेतलं. पर्समधून काळा दोरा काढला, चष्मा पुसला, सुईत ओवायला गेल्या. दोरा काही जाईना. बारक्यानं ती त्यांच्या हातातून घेतली. त्यालाही जमेना. शेवटी पुतणीनं ओवून दिली. मग एका अंगाला ताई बसल्या, दुसऱ्या अंगाला बारक्या, आणि मधून मधून सुई एकमेकांकडे देत दोघं दादाचा कोट शिवू लागली.